पाणबुडीच्या खेळात अंतर हाताने कसं मोजायचं: विजेच्या खांबापासून पेरिस्कोपापर्यंत

बेळगावात बसून समुद्राचं वेड लागलं की घरचे हसतात. समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं, नाहीतर संगणकावर. मी दुसरा रस्ता धरला. सायलेंट हंटर ३ हा २००५ चा खेळ माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुखाने चालायचा. वर्षभर सगळं आपोआप ठेवून खेळलो. जहाजावर पेरिस्कोप धरायचा, त्यावरचा त्रिकोण हिरवा झाला की टॉर्पेडो सोडायचा, की झालं जहाज गार.

मग एका रात्री अवघडपणाच्या यादीत ‘मॅन्युअल टार्गेटिंग’ (म्हणजे नेम स्वतः मोजून धरणं) नावाची ओळ दिसली आणि मी तिथे खूण केली. टाइप सात-सी या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीत चौदा टॉर्पेडो असतात. त्या गस्तीत चौदाच्या चौदा गेले, लागला एकही नाही. शेजारी बसलेला पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, जहाज हाय तिथंच हाय की ओ!”

तुमचे चौदा वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं मुख्यतः सायलेंट हंटर ३ ची आहेत. २००७ चा सायलेंट हंटर ४, यूबोट, वुल्फपॅक यांत बटणं वेगळी असली तरी मागचं त्रिकोणाचं गणित तेच आहे.

आधी एवढं जमवा

- ३० सेंटिमीटरची शाळेची पट्टी, पारदर्शक असली तर उत्तम
- ५० सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त सुतळी
- वही आणि पेन्सिल. मोबाइलमध्ये टिपण ठेवू नका. पेरिस्कोपवरची नजर काढून मोबाइल उघडेपर्यंत जहाज निघून जातं
- साधा कॅलक्युलेटर
- स्टॉपवॉच. बहुतेक खेळांत ते आतच असतं
- खेळातलं जहाजं ओळखायचं पुस्तक. त्यातली पानं आधी चाळून ठेवा
- एकाच जहाजासमोर उभं राहून साठवलेले दोन-तीन ‘सेव्ह’. सरावाला रोज नवं जहाज शोधत बसलात तर महिना जाईल

एक सेटिंग महत्त्वाचं आहे. मॅन्युअल टार्गेटिंग चालू करा, पण नकाशावर जहाजं दिसण्याची सोय सुरुवातीला बंद करू नका. ‘खरा कप्तान व्हायचं’ या जोशात मी आपोआप नेम आणि नकाशावरची जहाजं दोन्ही एकदम बंद केलं होतं. त्यामुळे चुकतोय हे कळायचं, पण किती आणि कुठल्या बाजूला ते कळायचं नाही. नकाशावरची अंतर मोजायची पट्टी ही तुमची उत्तरपत्रिका आहे. महिनाभर ती जवळ ठेवा, मग फाडून टाका.

पायरी १: खेळ बंद करा, गच्चीवर जा

हसू नका. माझी गाडी इथेच रुळावर आली.

सुतळीचं एक टोक पट्टीच्या मधोमध बांधा. बरोबर ५० सेंटिमीटरवर गाठ मारा आणि ती गाठ डोळ्याखाली गालाच्या हाडाला टेकवा. सुतळी ताणून पट्टी उभी धरा. आता ती डोळ्यापासून नेहमी तितक्याच अंतरावर राहील. लांबचा विजेचा खांब शोधा आणि तो पट्टीवर किती सेंटिमीटर दिसतो ते वाचा.

अंतर = खांबाची उंची × ५० ÷ पट्टीवरचे सेंटिमीटर

एसएसएलसीच्या (दहावीच्या) गणितात दीपगृह आणि जहाज असायचं, त्याच गणिताचा हा धाकटा भाऊ. कोन लहान असल्यामुळे ‘टॅन’ वगैरे लागत नाही, नुसता गुणाकार-भागाकार पुरतो.

मी आमच्या शेताच्या बांधावरचा खांब धरला. सिमेंटचा, आठ मीटरचा. पट्टीवर दिसला अडीच सेंटिमीटर. आठ गुणिले पन्नास भागिले अडीच, उत्तर १६० मीटर. मोबाइलच्या नकाशावर तेच अंतर मोजलं तर १३०. सुतळी बदलली, गाठ परत मारली, दुसरा डोळा मिटून बघितला. तरी १६०. शेवटी वीजखात्यात लाइनमन असलेल्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, “खांब आठचाच हाय रे, पण सहावा हिस्सा जमिनीत जातोय की!”

आठ मीटरच्या खांबाचा साधारण दीड मीटर भाग खड्ड्यात असतो. वर उरतो साडेसहा. साडेसहा गुणिले पन्नास भागिले अडीच, बरोबर १३०.

जहाजाचंही हेच. त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो आणि तो तुम्हाला दिसत नाही. म्हणून अंतर मोजताना लागते ती उंची पाण्याच्या रेघेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची, तळापासूनची नाही. पुस्तकात कुठला आकडा कशाचा आहे ते आधी बघा. डोलकाठीची उंची आणि पाण्याखालची खोली शेजारी-शेजारी छापलेली असते, घाईत डोळा घसरतो.

हे सगळं मी मामांना मोठ्या कौतुकाने दाखवायला गेलो. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे आमच्याकडे असा एक तरी मामा असतोच. ते म्हणाले, “हे आम्हाला दुर्बिणीत शिकवायचे. त्याला मिल म्हणायचं. हजार मीटरवर एक मीटरची वस्तू दिसली की एक मिल. उंची माहीत पाहिजे बघ, नसली तर सगळं मातीत.” तुमच्या पन्नास सेंटिमीटरवरच्या पट्टीवर एक मिलिमीटर म्हणजे दोन मिल होतात. मामांची दुर्बीण आणि माझी चार रुपयांची पट्टी एकच काम करत होत्या.

आणखी एक त्यांनीच बजावलं: सराव घराच्या गच्चीवर नाहीतर शेतात करा, कॅन्टोन्मेंटच्या बाजूला काहीतरी रोखून उभं राहू नका.

पायरी २: आपल्या पेरिस्कोपचा आकडा आपणच काढा

पेरिस्कोपमधून बघितलं की मधे एक उभी आणि एक आडवी रेघ दिसते, आणि तिच्यावर बारीक खुणा. त्या खुणा म्हणजे तुमची पट्टी. फक्त सुतळी किती लांब आहे ते इथे कोणी सांगत नाही.

जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्याच्या पेरिस्कोपला दीडपट आणि सहापट अशी दोन मोठेपणं होती, खेळातही तीच आहेत. दीडपटीवर एक खूण म्हणजे शंभर मीटरवर एक मीटर असेल, तर सूत्र होतं: उंची × १०० ÷ खुणा. सहापटीवर सगळं चौपट मोठं दिसतं, म्हणून तिथे: उंची × ४०० ÷ खुणा.

पण हे शंभर आणि चारशे डोळे झाकून घेऊ नका. खेळाच्या आवृत्तीप्रमाणे, वर चढवलेल्या मॉडप्रमाणे (खेळाडूंनी केलेले बदल), पडद्याच्या आकाराप्रमाणे खुणांची किंमत बदलते. सायलेंट हंटर ३ मूळचा १०२४ गुणिले ७६८ अशा जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी केलेला. आजच्या रुंद पडद्यावर तो ताणून बसवला की आडव्या आणि उभ्या खुणांत फरक पडू शकतो. म्हणून आकडा स्वतः काढायचा.

साठवलेला सेव्ह उघडा. समोर जहाज, त्याची डोलकाठी पुस्तकात बघा, समजा ३० मीटर. नकाशावर पट्टीने खरं अंतर मोजा, समजा १,५०० मीटर. पेरिस्कोप सहापटीवर नेऊन डोलकाठी किती खुणांची दिसते ते वाचा, समजा ८.

आकडा = अंतर × खुणा ÷ उंची = १,५०० × ८ ÷ ३० = ४००

असं तीन वेगवेगळ्या जहाजांवर, तीन वेगवेगळ्या अंतरांवर करा. उत्तरं ३९०, ४०५, ४०० अशी आली तर ४०० धरा. एक उत्तर ५०० आलं तर दोष बहुधा त्या जहाजाच्या उंचीत असतो. खेळाच्या पुस्तकातली उंची आणि पाण्यावरचं जहाज काही वेळा जुळत नाहीत. अशा जहाजापुढे वहीत फुली मारा आणि तुम्ही काढलेली उंची लिहा. मग एक आडवी मापणीही करा: जहाज पूर्ण बाजूने उभं असताना त्याची लांबी किती खुणांची दिसते ते घ्या आणि आडव्या रेघेचा आकडा वेगळा काढा.

हे काम कंटाळवाणं आहे. पावसाळ्यात, खानापुराकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा करा. एकदा झालं की झालं. तो आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा.

पायरी ३: जहाज ओळखा

उंची चुकली की अंतर त्याच प्रमाणात चुकतं. २४ मीटरचं जहाज तुम्ही ३० मीटरचं समजलात तर खरं १,६०० मीटर तुम्हाला २,००० वाटणार. गणित कितीही सुबक केलं तरी हे भरून निघत नाही.

ओळखताना डोलकाठ्या मोजू नका, त्यांच्या जागा बघा. धुरांडं मधे आहे की मागे? मागे असेल तर बहुधा तेलवाहू. पूल, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली, धुरांड्याला चिकटून आहे की पुढे सुटी? डेकची रेघ सरळ आहे की पायऱ्यापायऱ्यांची?

आणि तारीख बघा, हे कोणी सांगत नाही. लिबर्टी म्हणजे अमेरिकेने युद्धात बांधलेली एका प्रकारची मालवाहू जहाजं. त्यातलं पहिलं पाण्यात उतरलं सप्टेंबर १९४१ मध्ये. तुम्ही १९४० च्या गस्तीवर आहात आणि लिबर्टी दिसली असं वाटतंय, तर पुस्तकाचं पान चुकलंय.

पायरी ४: उंची वाचा

पाणबुडी हळू करा, दोन-तीन नॉटवर (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). वेगात पेरिस्कोप वर काढला की त्याच्यामागे पाण्याची शेपटी उठते आणि विनाशिकेवरच्या (पाणबुड्यांच्या मागावरच्या युद्धनौकेवरच्या) टेहळ्याला ती पहिली दिसते. पेरिस्कोप वर, वाचन, पेरिस्कोप खाली: दहा सेकंदांत. गणित खाली असताना करा.

आडवी रेघ जहाजाच्या पाण्याच्या रेघेवर ठेवा. नाळेपुढे (जहाजाच्या पुढच्या टोकापुढे) फेसाळलेलं पाणी असतं, त्यावर नको. जहाजाच्या मधल्या भागात, जिथे पाणी त्यातल्या त्यात शांत असतं तिथे. मग टोकापर्यंत खुणा मोजा. सर्वांत उंच टोक कुठलं ते पुस्तकातल्या चित्राशी ताडा. बारीक डोलकाठी आकाशात विरून जाते आणि जाड, काळं धुरांडं डोळ्यात भरतं. मी कित्येकदा धुरांडं मोजून डोलकाठीची उंची वापरली आहे.

एका वाचनावर कधीही भरवसा ठेवू नका. लाटेने जहाज वर-खाली होतं, तुम्हीही होता. तीन वाचनं घ्या आणि मधलं धरा. सरासरीपेक्षा मधलं बरं, कारण एखादं वाचन लाटेत पूर्ण फसलेलं असतं आणि ते सरासरीला ओढत नेतं.

आता चूक किती महाग पडते ते बघा. डोलकाठी २४ मीटर, सहापट, आकडा ४००:

- १२ खुणा दिसल्या: ८०० मीटर. अर्धी खूण चुकून १२.५ वाचली: ७६८. फरक ३२ मीटर, जहाजाची लांबीच त्याहून जास्त.
- ६ खुणा: १,६०० मीटर. ६.५ वाचली: १,४७७. फरक सव्वाशे मीटर.
- २ खुणा: ४,८०० मीटर. २.५ वाचली: ३,८४०. फरक जवळजवळ एक किलोमीटर!

तीच अर्धी खूण, तोच डोळा. म्हणून लांबचं अंतर मी आता ‘अंतर’ म्हणत नाही, ‘साडेतीन ते पाच हजारांमधे कुठेतरी’ असं वहीत लिहितो. आकड्यासोबत तो किती चुकू शकतो हेही लिहायची सवय लावा. टॉर्पेडो सोडायचा की अजून पंधरा मिनिटं वाट बघायची ते या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

खुणा मोजायच्या नसतील तर स्टॅडिमीटर नावाचं अंतर काढायचं यंत्र आहे. काही खेळांत दुसरी रेघ वर सरकवून टोकाला टेकवायची असते, काहींत जहाजाची दुसरी प्रतिमा सरकवून तिची पाण्याची रेघ पहिलीच्या डोलकाठीवर बसवायची. पुढचा भागाकार यंत्र करतं. पण त्याला उंची तुम्ही निवडलेल्या पानावरूनच मिळते. पान चुकलं तर यंत्रही तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं. सुरुवातीचा महिना हाताने भागाकार करा, मग स्टॅडिमीटरचा आकडा वेडगळ आला की तो लगेच खटकतो.

पायरी ५: आडवं मोजून तपासा

हे वळण मला फार आवडतं, कारण यात अंतरच लागत नाही.

जहाज तुमच्यासमोर पूर्ण बाजूने असेल तर त्याची सगळी लांबी दिसते. तिरकं असेल तर कमी. किती कमी, त्यावरून ते किती तिरकं आहे ते कळतं. त्याच्या नाळेची दिशा आणि तुमच्याकडे येणारी नजरेची रेघ यांतल्या या कोनाला खेळात ‘अँगल ऑन बो’ म्हणतात.

लिबर्टी जहाजाची लांबी सुमारे १३५ मीटर. उंची समजा २४. म्हणजे पूर्ण बाजूने लांबी उंचीच्या ५.६ पट दिसायला हवी. तुम्हाला दिसली आडव्या १७ खुणा आणि उभ्या ६, म्हणजे २.८ पट. निम्मी. ज्या कोनाचा साइन अर्धा तो ३० अंश. तर कोन ३०, नाहीतर १५०. जहाज येतंय की जातंय ते डोळ्यांनीच ठरवायचं. गणित तेवढं सांगत नाही. (इथे उभ्या-आडव्या खुणांची किंमत एकच धरली आहे. तुमची वेगळी असेल तर आधी आपापल्या आकड्याने सारख्या करून घ्या.)

वहीच्या पुठ्ठ्यावर एवढं लिहून ठेवा: निम्मी दिसली तर ३०, सात दशांश तर ४५, ८७ शतांश तर ६०. साठच्या पुढे मात्र ही युक्ती बोथट होते. ७० आणि ९० अंशांतला फरक लांबीत जेमतेम सहा टक्के असतो, तो लाटेत कुठे दिसणार?

पायरी ६: वेग

सोपी पद्धत: पेरिस्कोप एका दिशेला स्थिर धरा. जहाजाची नाळ उभ्या रेघेला लागली की घड्याळ सुरू, मागचं टोक गेलं की बंद. लांबी मीटरमध्ये भागिले सेकंद, गुणिले १.९४, की नॉट मिळाले. १३५ मीटरचं जहाज २६ सेकंदांत गेलं तर वेग १०. जहाज तिरकं असलं तरी चालतं. फक्त तुमची पाणबुडी जवळजवळ थांबलेली हवी.

याचा सराव टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर होतो. गेट पडलेलं असतं, नाहीतरी आपण उभेच असतो. पलीकडचा एक खांब धरा. नव्या एलएचबी डब्याची लांबी जवळजवळ २४ मीटर. दहा डबे १६ सेकंदांत गेले तर २४० मीटर भागिले १६, सेकंदाला १५ मीटर, ताशी ५४ किलोमीटर. इंजिन धरू नका, त्याची लांबी वेगळी. गेटच्या आत पाय टाकू नका हे सांगायला नकोच.

दुसरी पद्धत नकाशावरची. जहाजाची दिशा आणि अंतर घेऊन ठिपका मांडा. बरोबर ३ मिनिटं १५ सेकंदांनी दुसरा ठिपका. दोन ठिपक्यांत जितके शेकडा मीटर, तितके नॉट. ७०० मीटर म्हणजे ७ नॉट. एक नॉट वेगाने तेवढ्या वेळात १०० मीटर कापले जातात, म्हणून हा विचित्र वेळ. पण दोन्ही ठिपक्यांत अंतराची चूक असते आणि ती वेगात उतरते. सवड असेल तर साडेसहा मिनिटं थांबा आणि आलेला आकडा निम्मा करा.

पायरी ७: अंतर चुकलं तरी लागेल अशा जागी उभे राहा

चौदा टॉर्पेडो वाया घालवून मला जे कळलं ते हे. मी अंतर बिनचूक काढायच्या मागे होतो. खरं म्हणजे अंतराची गरजच कमी करता येते.

टॉर्पेडो नळीतून सरळ निघतो, मग ठरवलेल्या कोनात वळतो आणि पुन्हा सरळ जातो. वळण जितकं मोठं, तितकी अंतरातली चूक नेम बिघडवते. वळण शून्याजवळ असेल तर नेम ठरतो तो जहाजाचा वेग, टॉर्पेडोचा वेग आणि कोन यांवर. अंतर त्यातून जवळजवळ निघून जातं.

म्हणून असं करा. जहाजाचा मार्ग नकाशावर आखा आणि त्या मार्गाला काटकोनात तोंड करून, बाजूला थांबून वाट बघा. जहाजाचा वेग भागिले टॉर्पेडोचा वेग करा. जहाज १० नॉट, विजेवरचा जी-सात-ई टॉर्पेडो ३० नॉट. उत्तर एक तृतीयांश. ज्याचा टॅन एक तृतीयांश तो कोन सुमारे १८ अंश. आपल्या पाणबुडीच्या नाळेच्या दिशेपासून पेरिस्कोप १८ अंश त्या बाजूला वळवा जिकडून जहाज येतंय. टॉर्पेडोचं वळण शून्य ठेवा. जहाजाचा मधला भाग रेघेवर आला की सोडा.

या गणितात अंतर कुठेही आलं नाही. जहाज ८०० मीटरवर असो की १,६००, लागायला हवा. वेग चुकला तर मात्र अंतर जितकं जास्त तितका नेम जास्त हुकणार, म्हणून पायरी ६ नीट करा.

मग अंतर मोजायचं कशाला? तीन कारणं आहेत. टॉर्पेडो निघाल्यावर सुमारे ३०० मीटर गेल्याशिवाय सज्ज होत नाही, त्याआत लागला तर नुसता ठण् आवाज. दुसरं, जी-सात-ई ची धाव ५,००० मीटरपर्यंतच. आणि तिसरं, ताफ्यातली सगळी जहाजं आपल्याला सोयीच्या रेघेवर येत नाहीत. कधीतरी वळण घेऊनच मारावं लागतं आणि तेव्हा पायरी ४ कामाला येते. माझा नियम: ८०० ते १,५०० मीटर. त्याहून लांब असेल तर मी थांबतो.

हे खड्डे मी पडून बघितलेत

*फूट आणि यार्ड.* अमेरिकन पाणबुडीच्या खेळात उंची फुटांत आणि अंतर यार्डांत असतं. त्याच सूत्राने उत्तर फुटांत येतं. त्याला तीनने भागा. मी एकदा भागलं नाही आणि जहाज तिप्पट लांब समजून आरामात चहा करायला गेलो.

*मोठेपण विसरणं.* दीडपटीवर खुणा वाचून सहापटीचा आकडा वापरला की अंतर चौपट. उत्तर अचाट आलं तर पहिली शंका हीच घ्या.

*लागला, पण फुटला नाही.* यात अंतराचा दोष नाही. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन टॉर्पेडो असेच दगा देत होते, आणि १९४२-४३ मध्ये अमेरिकन मार्क १४ ची तीच कथा. काही खेळ हेही हुबेहूब दाखवतात. ठण् आवाज आला तर नेमाला शिव्या देऊ नका.

*सोनारचा मोह.* सोनारने (आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून मोजणाऱ्या यंत्राने) पाण्यात आवाज सोडला की अंतर एका क्षणात मिळतं. विनाशिकेलाही तुमचा पत्ता त्याच क्षणी मिळतो.

*रात्र आणि धुकं.* जांबोटीच्या धुक्यात समोरची बस दिव्यांवरून ओळखावी लागते, तिची उंची कोण मोजणार? तसंच इथे. पाण्याची रेघ दिसत नसेल तर वाचन घेऊच नका. जवळ जा किंवा सोडून द्या.

वही

प्रत्येक हल्ल्यानंतर एक ओळ लिहा: अंदाज, खरं, कारण. खरं अंतर नकाशावरून घ्या. नकाशा बंद केल्यावर टॉर्पेडोच्या घड्याळावरून: ३० नॉट म्हणजे सेकंदाला १५.४ मीटर, लागेपर्यंतचे सेकंद गुणिले तेवढं. ही टॉर्पेडोची धाव झाली. पायरी ७ सारख्या हल्ल्यात ती सोडतेवेळच्या अंतराच्या साधारण ९५ टक्के असते, कारण तोवर जहाज पुढे सरकलेलं असतं.

माझ्या वहीतल्या नमुन्याच्या तीन ओळी:

मालवाहू, २४ मी. ६ खुणा. अंदाज १,६००. लागला ९८ सेकंदांत, धाव १,५१०. ठीक.

तेलवाहू. अंदाज ३,८००, नकाशावर ४,७००. कारण: २ ऐवजी २.५ वाचलं, लाट होती. सोडायलाच नको होता.

मालवाहू, २४ मी. ४.५ खुणा. अंदाज २,१३०, नकाशावर १,६००. कारण: परत धुरांडं.